डावा टक

बसने एकाएकी ब्रेक मारला आणि मी पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर छातीने आदळले. शेजारची मुलगी म्हणाली, "आजी, लागलं का हो?" मी म्हणाले, "नाही गं." आणि खरंच लागलं नव्हतं. लागायला हवं होतं, एवढ्या जोरात आदळले होते. पण डाव्या बाजूला फक्त काहीतरी सरकलं, बंद कपाटात वरच्या फळीवरची वस्तू आपोआप घसरावी आणि बाहेरच्याला नुसता आवाज यावा तसं. दोन थांबे पुढे मी उतरले, भाजी घेतली, जिना चढले, दार लावून घेतलं आणि मग कपड्यांच्या आत हात घातला. तीस वर्षं जिथे दगड होता तिथे मऊ लागलं. कुणालाही वाटेल, बरं झालं. मला दरदरून घाम फुटला. दगडाची सवय झालेली असते. कूस बदलताना तो कुठे टोचेल, थंडीत किती गार पडेल, कुणी जवळ घेतलं तर कोणता खांदा पुढे करायचा, हे अंगवळणी पडलेलं असतं. आता तो विरघळून कुठे चालला होता कोण जाणे. बगलेकडे एक गोळा हाताला लागत होता, आणि आरशात बघते तर डावी बाजू खाली आलेली, उजवीच्या बरोबर. इतक्या वर्षांनी दोन्ही बाजू एका रेषेत होत्या, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे की, आता धाकटीला दाखवू काय?

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिला एक गोष्ट सांगायची माझी बत्तीस वर्षं राहून गेली होती. सांगेन तेव्हा नुसती सांगणार नव्हते. तिच्या हातात टेप देणार होते, म्हणणार होते, घे माप, तूच बघ. पुरावा माझ्या अंगात होता, त्यामुळे घाई वाटत नव्हती. अंग कुठे पळून जातंय, असं वाटायचं.

आम्ही दोघी बायकांचे कोट शिवणाऱ्या कारखान्यात होतो, नमुन्याच्या खोलीत. आजही डोळे मिटले की ती खोली तशीच्या तशी उभी राहते: एका बाजूला भिंतभर खिडक्या, मध्ये कापायचं लांब टेबल, त्याच्या कडा बायकांच्या पोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या, खडूची निळी भुकटी, वाफेच्या इस्त्रीचा ओलसर करपट वास, आणि खुंट्यांना टांगलेले कागदी फर्मे, वारा आला की सगळे एकदम सळसळायचे. माझं काम उभं राहण्याचं होतं. नवा कोट आधी मांजरपाटात शिवत, माझ्या अंगावर चढवत, मास्तर टाचण्या लावत, आणि त्या टाचण्यांवरून धाकटी कागदावर खुणा उतरवून फर्मा कापायची. फर्मा एकदा कापला की खालच्या मजल्यावर हजार-बाराशे कोट त्याबरहुकूम निघत. माझी छाती छत्तीस, कंबर अठ्ठावीस, खांदे सरळ. कारखान्याचं मधलं माप, जसंच्या तसं. बाविसाव्या वर्षी मी तिथे बटणं लावायला गेले होते. मास्तरांनी लांबून बघितलं, टेप टाकला आणि म्हणाले, "बटणं दुसरं कुणी लावील. तू नुसती उभी राहा." तेव्हापासून माझं नावच छत्तीस पडलं. "छत्तीस, जेवायला चल." "आज छत्तीस रुसलीय, कुणाशीच आकडा जमेना." "हिला उभ्या उभ्या पगार, आम्ही आपल्या बसून मरतोय." धाकटी तर कुणाला ओळख करून देताना सांगायची, "ही आमची ताई. ही एकटी नाही, पन्नास हजार बायका आहे." मला ते फार आवडायचं. रस्त्यात समोरून एखादी बाई आमचा कोट घालून आली की वाटायचं, हिच्या आत कुठेतरी मीच चालले आहे.

मग मुलगा झाला, उशिराच. त्याला वर्षभर पाजलं आणि कामावर परत गेले. मास्तर वाईट माणूस नव्हते. टाचण्या ओठांत धरून बोलायची सवय, त्यामुळे त्यांचे शब्द गाळून यायचे. त्यांनी कापडाची एक चिमूट धरली, तरी कापड उरलं. दुसरी धरली, तरी उरलं. "होतं असं," ते म्हणाले. "वरचे लोक लाकडी पुतळा आणायचं म्हणताहेत. तुला परत बटणांना बसवू." त्यांच्या आवाजात माया होती आणि तीच मला सहन झाली नाही. अडतीस वर्षांची होते मी. घरी नवरा म्हणाला, तुझं तू बघ. तो कशालाही तेवढंच म्हणत आला आणि तसाच गेला. मी रजा काढली, मावशीकडे जाते म्हणून सांगितलं, आणि परगावी जाऊन दोन्ही बाजूंना सिलिकॉनच्या पिशव्या बसवून घेतल्या. तिथल्या डॉक्टरांनी त्यातली एक आधी माझ्या तळहातावर ठेवली होती. थंड, आणि दिसते त्याहून जड. "आता जन्मभर बघायला नको," असं ते म्हणाले. धाकटीला मी काही सांगितलं नाही. ती हसली असती, आणि तिचं हसू कधी एकटं राहायचं नाही, सगळ्या खोलीला लागायचं. परत आले, मास्तरांनी टेप टाकला. छत्तीस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेपकडे बघितलं, म्हणाले, "मावशीचं खाणं मानवलं." लाकडी पुतळा काही आला नाही. मी त्या दिवसांत सुखात होते, हे मी नाकारणार नाही.

दीड वर्षाने डावी बाजू घट्ट व्हायला लागली. आता कुठे, बसमधल्या त्या धक्क्यानंतर, डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की शरीर परक्या वस्तूभोवती स्वतःची एक पिशवी विणतं आणि कुणाकुणाची ती पिशवी आवळत जाते. तेव्हा मला एवढंच कळत होतं की कुणीतरी आतून दोरी ओढतंय, रोज थोडी. डावी गोल झाली, मग कडक झाली, मग वर चढली. पहाटे उठून मी आतल्या पट्ट्या कमीजास्त करायचे, डावीवर घट्ट पट्टा बांधायचे, उजवीच्या खाली रुमालाची घडी द्यायचे, आणि मापाची बाई म्हणून जाऊन उभी राहायचे. आमच्यात फर्मा अर्ध्या अंगाचाच काढतात. उजवी बाजू मोजायची, कागद दुमडायचा, डावी आपोआप येते. माणूस दोन्हीकडून सारखंच असतं असं धरून चालायचं. कागदाच्या त्या घडीनेच मला इतके महिने वाचवलं होतं. पण एकदा एक कोट आला, एका बाजूवर दुसरी बाजू येणारा, दोन्ही बाजू वेगळ्या, म्हणून दोन्ही मोजायच्या. आणि नेमकं त्या दिवशी फार दुखत होतं म्हणून मी पट्टा बांधला नव्हता. छातीला गोलाई यावी म्हणून कापडाला जी चिमूट घालून शिवतात, ती टक. मास्तरांनी उजवा टक टाचला, मग डावा, जिथे अंग होतं तिथे. हात सवयीचे, तोंड मागे कुणाशी तरी बोलत. धाकटीने टाचण्यांवरून खुणा उतरवल्या. डावा टक अर्धा इंच वर. तिने पट्टी ठेवली, थांबली, परत ठेवली. मला वाटलं, ही आता विचारील. तिने विचारलं नाही. मास्तरांच्या टाचण्यांवर आणि माझ्या अंगावर तिचा विश्वास होता.

बाराशे कोट दुकानांतून परत आले. ज्या बाईने घातला तिच्या डाव्या छातीवर एक तिरपी सुरकुती, इस्त्रीने जाईना. मास्तरांनी फर्मा टेबलावर पसरला आणि धाकटीला बोलावलं. ती म्हणाली, "टाचण्या होत्या तिथेच मी खूण केली, मास्तर." ते म्हणाले, "हिच्या अंगावर? हिचं अंग कधी खोटं बोलत नाही." ती म्हणाली, "मग परत टाचून बघा ना. आत्ताच्या आत्ता." तिला खात्री होती. मास्तर म्हणाले, "बघू." मी म्हणाले, "आले हं, जाऊन येते." मोरीत जाऊन दाराला कडी घातली. पट्टा पिशवीत होताच. दोन रुमाल होते, एक माझा आणि एक सकाळी धाकटीनेच हात पुसायला दिलेला. मी डावी दाबून बांधली, इतकी की डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि उजवी उचलून धरली. बाहेर येऊन हात पसरून उभी राहिले. मास्तरांनी टाचलं, पट्टी लावली. दोन्ही टक एका रेषेत. धाकटी जवळ आली, स्वतःच्या टेपने तिने मोजलं, एकदा, दोनदा, आणि मग टेप गुंडाळायला लागली. तिची बोटं टेप गुंडाळताना मी बघत होते. ती घसरत होती. त्याच आठवड्यात तिला काढलं. मास्तर मला म्हणाले, "तुझी बहीण आहे म्हणून झुकतं माप देता येत नाही, समजून घे." मी मान हलवली. एवढंच केलं मी. मान हलवली.

तिने नंतर कात्री हातात घेतली नाही. दुसऱ्या एका कारखान्याने बोलावलं होतं, मी स्वतः निरोप घेऊन गेले होते, ती म्हणाली, "नको गं, माझ्या हाताचा भरवसा नाही." एका शाळेच्या ग्रंथालयात ती पुस्तकांना कव्हरं घालायचं काम करू लागली आणि तिथेच निवृत्त झाली. पण कागद कापायच्या आधी तीनदा मोजायची आणि चौथ्यांदा दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यायची. मुलं तिला चौथीच्या बाई म्हणत, बाहेरच्यांना वाटायचं चौथीच्या वर्गाला शिकवतात. ती हे स्वतःच हसून सांगते. घरी भिंतीवर खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला बोलावते. दूध आटलं का, पडदा सरळ आहे का, सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांनी. हे सगळं माझ्या अर्ध्या इंचाने केलं, हे मी बत्तीस वर्षं बघत आले, आणि प्रत्येक वेळी तिला म्हणत आले, "सरळ आहे गं, सरळ आहे." माझी डावी मी पुढच्याच वर्षी दुरुस्त करून घेतली, नवी पिशवी, नवे टाके, दुसरे डॉक्टर. दोन वर्षांत ती पहिलीपेक्षाही घट्ट झाली. त्यानंतर मी कुणालाच दाखवलं नाही. कारखाना सोडला, पाठ दुखते म्हणून सांगितलं. दगड राहू दिला. मनाशी म्हणायचे, हा तिच्यासाठी ठेवलाय.

आणि तो एका बसने फोडला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, फार हळू बोलतात. तपासण्यांचे फोटो उजेडावर धरून त्यांनी दाखवलं: पिशवी फुटली आहे, आतलं जेल बगलेतल्या गाठींपर्यंत गेलं आहे, भोवतीचं कवच अंड्याच्या टरफलासारखं झालं आहे. दोन्हीकडचं सगळं काढावं लागेल. नव्या बसवायच्या का, असं त्यांनी विचारलं. विचारणं त्यांचं काम. मी नको म्हणाले. तेव्हा धाकटी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. मुलगा परदेशात, फोनवर म्हणाला, मावशीला बोलावून घे. म्हणून ती बॅग घेऊन आली होती, आणि तिला पिशव्यांचं सांगणं भागच होतं. मी सांगितलं, पण वर्ष बदलून. म्हटलं, कारखाना सोडल्यावर केलं. ती आधी थक्क झाली आणि मग तिला हसू आवरेना. "म्हणजे ते सगळं विकतचं होतं? आणि मी जन्मभर तुझ्यावर जळत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी." डॉक्टरीणबाई पण हसल्या. मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "डावी बाजू घट्ट झाली, वर गेली, ते साधारण कोणत्या वर्षी?" माझ्या जिभेवर ते वर्ष होतं. महिना होता. धाकटी माझी पर्स मांडीवर घेऊन बसली होती, तिचा बंद नीट करत. मी म्हणाले, "आठवत नाही." बाईंनी तिथे एक रेघ मारली. ऑपरेशनला अजून सहा दिवस होते. सहा दिवस ती माझ्या घरात होती, माझ्या पलंगाशेजारी झोपत होती, जुन्या गोष्टी काढत होती, मास्तरांच्या टाचण्यांची नक्कल करत होती. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचं, आणि रोज ती इतकी आनंदात असायची. शेवटी मला ढकलगाडीवर निजवून आत नेलं. दाराशी ती म्हणाली, "घाबरू नकोस, मी आहे." 

शुद्धीवर आले तेव्हा छातीवर काहीच नव्हतं. दुखत होतं, पण ओझं नव्हतं, आणि ते ओझं नसणं सगळ्यात जड होतं. दोन्ही बाजूंना नळ्या, त्यांच्या टोकाला छोट्या बाटल्या, त्यांत लालसर पाणी साठे. ते रोज मोजून वहीत लिहायचं होतं. चौथ्या दिवशी दुपारी घरी, खिडकीशी उजेडात बाटली धरून धाकटी आकडा वाचत होती, डोळे बारीक करून. तिचे पांढरे केस, मानेचा तो ओळखीचा बाक. मी म्हणाले, "अगं, जरा इथे बस."

"बसते. काय, पाणी हवंय?"

"पिशव्या मी कारखाना सोडल्यावर नाही घातल्या. आधीच घातल्या होत्या. मावशीकडे म्हणून गेले होते ना, तेव्हा."

ती हसली. "म्हणजे मास्तरांनासुद्धा फसवलंस. कमाल आहे बाई तुझी."

"डावी वर चढली होती. अर्धा इंच. तो कोट आला तेव्हा. तुझी खूण बरोबर होती. दुसऱ्यांदा टाचायच्या आधी मी मोरीत जाऊन बांधून आले."

तिने बाटली सांभाळून माझ्याशेजारी ठेवली. खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती परत परत घरघरून बंद पडत होती. धाकटी आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "मी पट्टी उलटी धरली होती."

"पट्टी सरळ होती. मी समोर उभी होते."

"तू छताकडे बघायचीस उभी असताना. मला आठवतंय ना, सकाळपासून माझं डोकं दुखत होतं, पट्टी उलटी होती. मी किती वेळा आठवून बघितलंय ते, तुला काय माहीत. पट्टीचा शून्य माझ्याकडे होता."

"तू परत एकदा पट्टी ठेवलीस. थांबलीस. विचारणार होतीस."

"ताई, भूल पुरती उतरली नाही तुझी. माझ्यासाठी म्हणून काहीबाही बोलू नकोस. माणूस चुकतं. मला आता त्याचं काही वाटत नाही."

मी गाऊनच्या गाठी सोडल्या. दाखवायला काही नव्हतं. दोन आडव्या शिवणी, दोन्ही बाजूंना त्वचा सपाट, जरा सुरकुतलेली. धाकटी वाकली, आणि क्षणभर तिच्या डोळ्यांत ते जुनं बघणं आलं, कापायच्या आधीचं. "किती सुरेख शिवलंय गं," ती म्हणाली. "दोन्ही एका रेषेत." मग मी तिला सगळं सांगितलं. रुमालांचे रंग सांगितले, त्यातला एक तिचाच होता ते सांगितलं, मोरीच्या कडीचा आवाज, मास्तरांचे शब्द, तिचा टेप कसा घसरत होता ते. मी बोलत गेले तशी ती लहान होत गेली, खुर्चीत मागे सरकत गेली. बऱ्याच वेळाने, मला जेमतेम ऐकू येईल असं, तिने विचारलं, "म्हणजे माझा हात बरोबर होता?"

"होता."

"मग मी सोडलं कशाला?"

ती हे मला विचारत होती. उत्तर माझ्याकडे असेल असं तिला वाटत होतं. तिची अडुसष्ट वर्षं तिच्या चेहऱ्यावर एकदम दिसली, आणि मला कळलं की मी जे परत द्यायला आणलं होतं ते ठेवायला तिच्याकडे आता कुठे जागाच उरली नाही. तिने उजवा हात डाव्या हाताखाली झाकला. "नाही," ती म्हणाली. "तसं नको. त्यापेक्षा पट्टी उलटी होती तेच बरं." ती उठली, पाणी आणलं, माझ्या तोंडाशी धरलं, ओठ पुसले. मग पलंगाच्या कडेवर बसून, शांतपणे, एखाद्या लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "आणि एक सांगू? चुकले मी, पण तू त्या दिवशी माझ्यासाठी मास्तरांशी भांडलीस. हिला काढलंत तर मीही जाते, असं म्हणालीस. सगळ्यांच्या देखत. मी जिन्यात होते, मला ऐकू आलं. नंतर पुष्कळ वाईट दिवस आले, तेव्हा मी म्हणायचे, हात गेला तर गेला, ताई तर आहे."

मी कुणाशी भांडले नव्हते. जिन्यात तिने काय ऐकलं, कुणाचं ऐकलं, कोण जाणे. मी शेजारच्या बाटलीतल्या पाण्याकडे बघत राहिले, तसा तिचा चेहरा हळूहळू बदलायला लागला.

"म्हणाली होतीस ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मग," ती म्हणाली, आणि माझ्या गाऊनच्या गाठी एकेक करून बांधायला लागली.